कॉलेजच्या वायफायला काय काय ठाऊक असतं

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणांनी त्या ईमेलचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, शोधला आणि माग नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटपाशी येऊन थांबला. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याच्या घरचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. हे स्पष्ट होईपर्यंत त्या माणसाला कसून चौकशीला तोंड द्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात तशाच स्वरूपाचा आणखी एक ईमेल गेला, तो माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या वायफायवरून.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला, १६ डिसेंबर २०१३ चा. हार्वर्ड विद्यापीठात सकाळी ईमेल आला की चारपैकी दोन इमारतींत बॉम्ब ठेवले आहेत. इमारती रिकाम्या झाल्या, परीक्षा थांबल्या. पाठवणाऱ्याने आपल्या परीने काळजी घेतली होती: ईमेलचा पत्ता तात्पुरता होता आणि इंटरनेटवरचा माग पुसणारी ‘टॉर’ ही यंत्रणा वापरलेली होती. तरीही एफबीआय त्याच दिवशी त्याच्या खोलीपर्यंत पोचली. तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता आणि त्याला त्या सकाळची परीक्षा टाळायची होती.

पहिल्या प्रसंगात कुणी वायफाय वापरलं याची नोंदच नव्हती, म्हणून भलताच माणूस संशयात सापडला. दुसऱ्यात नोंद होती आणि तीच पुरेशी ठरली. कॉलेजच्या कट्ट्यावर खासगीपणाची गोष्ट निघाली की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ आणि दुसरं, ‘ते सगळं ऐकतात, काहीही केलं तरी उपयोग नाही.’ दोन्ही मतं मला घातक वाटतात, कारण दोन्हींमुळे माणूस पुढचे प्रश्न विचारायचंच सोडतो. आपली नोंद नेमकी कुठे तयार होते, ती किती दिवस राहते, आणि कुणाच्या सहीने बाहेर जाते, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरं बऱ्यापैकी ठाऊक आहेत. एकेक बघू.

सुरुवात वायफायपासून, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत.

आवारात शिरलं की खिशातला फोन, आपण हात न लावताही, आसपासच्या वायफायचा शोध घेऊ लागतो. फोनच्या वायफाय चिपला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. पूर्वी फोन हा खरा क्रमांक भेटेल त्या नेटवर्कला सांगत सुटायचे. २०१९ चं अँड्रॉइड १० आणि २०२० चं आयओएस १४ आल्यापासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता देतात. मॉलमध्ये किंवा स्टेशनवर ही सोय उपयोगाची आहे. कॉलेजात तिचा फायदा थोडाच, कारण पुढच्याच पायरीवर आपण स्वतःहून नाव सांगतो. लॉगिनचं पान उघडतं, त्यात पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, आणि पासवर्ड टाकावा लागतो किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी.

इथून पुढे कॉलेजच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या यंत्रात, आपल्या नावाच्या ओळी तयार होऊ लागतात. अमुक पीआरएनला अमुक आतला आयपी पत्ता दिला, अमुक वाजता लॉगिन, अमुक वाजता लॉगआउट, इतका डेटा खाली उतरवला. शिवाय वायफायचं प्रसारण करणारे खोके, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, आवारभर लावलेले असतात. वाचनालयातून उठून कँटीनला गेलं की फोन एका खोक्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तीही नोंद होते. जीपीएस बंद असलं तरी कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर कुणी किती वेळ होतं, याचा अंदाज या उड्यांवरून बांधता येतो. हा अंदाज मुद्दाम कुणी बांधत नसतं. नेटवर्क नीट चालावं म्हणून या ओळी लिहिल्या जातात. पण एकदा लिहिल्या की त्या असतात.

बाहेरच्या जगाला मात्र यातलं काही दिसत नाही. कॉलेजातली शेकडो उपकरणं बाहेरून एकाच किंवा मोजक्याच आयपी पत्त्यांमागे उभी असतात. म्हणून पोलिसांना एखाद्या गुन्ह्यात कॉलेजचा आयपी पत्ता आणि वेळ मिळाली, तरी त्या क्षणी त्यामागे कोण होतं हे फक्त कॉलेजच सांगू शकतं. २००८ मध्ये हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या प्रकरणांनंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या की वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय ते देऊ नये. फोटो ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा मोबाइलवर पासवर्ड पाठवावा. आज विमानतळावर आणि हॉटेलात ओटीपी मागणारं जे पान येतं, त्याची मुळं तिथे आहेत. या नियमाने सानपाड्यातल्यासारखा निरपराध माणूस वाचतो, हे मान्य करायला हवं. नोंद ठेवणं म्हणजेच पाळत, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

आता मजकुराचं. वायफायवाल्याला आपण काय वाचतो ते दिसतं का? बहुतेक वेळा नाही. आज जवळपास सगळ्या संकेतस्थळांची आणि ॲपची देवाणघेवाण एचटीटीपीएस या बंद पाकिटातून होते. पाकिटातलं पत्र कॉलेजला वाचता येत नाही, पण पाकिटावरचा पत्ता वाचता येतो. म्हणजे बँकेच्या संकेतस्थळावर गेलात हे कळतं, खात्यात किती पैसे आहेत हे कळत नाही. यूट्यूब उघडलं हे कळतं, कुठला व्हिडिओ बघितला हे कळत नाही. इथे थांबून समाधान मानणारे बरेच आहेत, पण पत्ता म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे. रात्री दोन वाजता कुणी मानसिक आरोग्याच्या समुपदेशनाचं संकेतस्थळ उघडलं, कुणी गर्भधारणेची तपासणी करणाऱ्या लॅबचं, कुणी एखाद्या राजकीय संघटनेचं, तर आत काय वाचलं हे न कळताही पुष्कळ कळतं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीचं तर घर आणि कॉलेज दोन्ही त्याच एका वायफायवर चालतं.

या संरक्षणाला एक अपवाद आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. काही संस्था वायफाय देण्यापूर्वी ‘हे सर्टिफिकेट फोनमध्ये टाकून घ्या’ असं सांगतात. कधी हे सर्टिफिकेट फक्त नेटवर्कची ओळख पटवण्यापुरतं असतं. पण फोनला ते विश्वासाचं मूळ म्हणून स्वीकारायला लावलं असेल, तर फायरवॉल मध्ये उभी राहून ती बंद पाकिटं उघडू शकते, वाचू शकते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवू शकते. कंपनीच्या मालकीच्या लॅपटॉपवर हे चालतं. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर ते चालू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये आपण टाकलेल्या सर्टिफिकेटांची यादी दिसते. ती एकदा उघडून पाहावी, आणि नोटिशीत कारण लिहिलेलं नसेल तर विचारावं.

व्हीपीएन वापरला की पाकिटावरचा पत्ताही झाकला जातो. कॉलेजला एवढंच दिसतं की हा विद्यार्थी व्हीपीएनला जोडला गेला आहे. पण मग सगळे पत्ते त्या व्हीपीएन कंपनीला दिसतात. विश्वास एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवला, एवढंच होतं. फुकटचा व्हीपीएन असेल तर ते दुसरं दार कुणाचं आहे हेही ठाऊक नसतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं आणि पत्ते पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही नामांकित परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले.

हार्वर्डच्या विद्यार्थ्याचं काय चुकलं, ते आता समजायला सोपं आहे. टॉरने त्याचा माग खरोखरच पुसला होता. ईमेलवरून त्याच्यापर्यंत येणारी वाट नव्हती. पण ईमेल टॉरमधून आला, हे त्या ईमेलवरून कळत होतं. मग विद्यापीठाने आपल्या वायफायच्या नोंदी उघडून उलटा प्रश्न विचारला: ईमेल येण्यापूर्वीच्या काही तासांत आपल्या नेटवर्कवरून टॉरला कोण जोडलं गेलं होतं? टॉरच्या बहुतेक केंद्रांचे पत्ते जाहीर असतात, त्यामुळे उत्तर मिळालं. पाकिटं फोडण्याची गरजच पडली नाही. अशा नोंदींवरून गुन्हा सिद्ध होत नाही, फक्त कुणाला विचारावं हे कळतं. त्या वेळी टॉर वापरणारा, पण धमकीशी संबंध नसलेला दुसरा एखादा विद्यार्थी असता, तर चौकशीचा ताण त्यालाही सोसावा लागला असता.

या ओळी किती दिवस राहतात? सर्ट-इनच्या त्याच २०२२ च्या आदेशात सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावेत असं आहे. कमीत कमी किती ठेवायचं ते त्यात आहे. जास्तीत जास्त किती, हे बहुतेक ठिकाणी फायरवॉलच्या डिस्कच्या आकारावर आणि ती सांभाळणाऱ्या कंत्राटदाराच्या सवयीवर ठरतं. माहितीपुस्तिकेत ‘वायफाय कॅम्पस’ हे ठळक छापलेलं असतं. नोंदी किती दिवस ठेवतो आणि कुणाला दाखवतो, हे मला अजून कुठल्या माहितीपुस्तिकेत छापलेलं दिसलेलं नाही.

फोन चोरून ऐकतो या समजुतीवर आता थोडक्यात. मैत्रिणीशी बुटांबद्दल बोलले आणि लगेच बुटांची जाहिरात आली, हा अनुभव खोटा नाही. त्याचं कारण बहुधा वेगळं असतं. २०१८ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थइस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. मात्र काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण करून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. मैत्रिणीने तो बूट आधीच शोधलेला असतो, दोघी एकाच ठिकाणी, एकाच नेटवर्कवर असतात, दोघींचे नंबर एकमेकींच्या फोनमध्ये असतात. जाहिरातीचा अंदाज बांधायला एवढं पुरतं. अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा सुरू झाला की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते, आयफोनवर माइकसाठी नारिंगी ठिपका येतो. आवाजाची भीती या खुणेवर सोपवून लोकेशन आणि संपर्क यादी यांच्या परवानग्यांकडे लक्ष दिलं तर जास्त पदरात पडतं.

मोबाइलच्या टॉवरची नोंद वायफायपेक्षा जुनी आणि तपासात जास्त वापरली जाणारी. तिला सगळे सीडीआर म्हणतात. कुणी कुणाला फोन केला, कधी, किती वेळ, कुठल्या हँडसेटवरून आणि त्या वेळी फोन कुठल्या टॉवरच्या कक्षेत होता, हे त्यात असतं, बोलणं नसतं. हँडसेटची ओळख म्हणजे १५ अंकी आयएमईआय. सिम बदललं तरी आयएमईआय तोच राहतो, त्यामुळे चोरीच्या फोनात नवं सिम घातलं की तो सापडू शकतो. दाट वस्तीत टॉवरचा पल्ला काहीशे मीटरचा असतो, गावाकडे काही किलोमीटरचा. त्यामुळे डेक्कनला होतास की एफसी रोडला, एवढं नेमकं टॉवर सांगेलच असं नाही. डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. आधी ही मुदत एक वर्षाची होती. पोलिसांत सीडीआर मागवण्याचा अधिकार २०१३ नंतर अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित केला गेला. तरीही २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर विकणारी टोळी पकडली आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. नवऱ्याचे, बायकोचे, धंद्यातल्या भागीदाराचे कॉलचे तपशील पैसे देऊन विकत मिळत होते. ‘लपवण्यासारखं काय आहे’ म्हणणाऱ्यांना मी या प्रकरणाची आठवण करून देते. नोंद सरकारपाशी जाईल याची त्यांना भीती नसते, पण ती रागावलेल्या नातेवाइकाच्या हातीही जाऊ शकते.

सीसीटीव्हीची गोष्ट उलटी आहे. कॅमेऱ्याचं चित्रण डीव्हीआर नावाच्या खोक्यातल्या डिस्कवर साठतं आणि डिस्क भरली की जुनं पुसून त्यावरच नवं लिहिलं जातं. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांत सगळं जातं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलं. कॉलेजातल्या खोक्याला असं बंधन नाही. म्हणून छेडछाडीची किंवा रॅगिंगची तक्रार करणाऱ्याने पहिल्याच अर्जात ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं’ असं लिहावं आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. चौकशी समितीची बैठक महिन्याने होते, तोवर चित्रण गेलेलं असतं. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. कॅमेरा बसवला म्हणून काम झालं असं होत नाही. चित्रण कोण तपासतं आणि किती दिवस ठेवतं, यावर त्याचा उपयोग ठरतो. कॅमेरा एकट्या विद्यार्थ्यावरच डोळा ठेवतो असंही नाही. दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठाच्या वाचनकक्षात १५ डिसेंबर २०१९ ला पोलीस विद्यार्थ्यांवर लाठ्या चालवतानाचं चित्रण पुढे फेब्रुवारीत लोकांसमोर आलं, ते अशाच एका कॅमेऱ्यामुळे.

बोटाच्या ठशाची हजेरी महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंत पोचली ती क्लासेसमुळे. नाव कॉलेजात, शिक्षण दिवसभर क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत मोडायला २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला. यंत्रात साधारणपणे ठशाचं छायाचित्र न ठेवता रेषांच्या टोकांचा आणि फाट्यांचा गणिती आराखडा ठेवतात. त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. फुटलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. विद्यार्थी कॉलेज सोडून गेल्यावर त्याचा आराखडा यंत्रातून पुसला जातो का, हा प्रश्न दाखल्याच्या अर्जासोबतच विचारण्याजोगा आहे.

आता पोलीस आणि गेटवरचा रक्षक. अमेरिकेत विद्यापीठांची स्वतःची पोलीस दलं असतात, अटकेच्या अधिकारासह. येल विद्यापीठाचं दल १८९४ पासून आहे. मालिका बघून आपल्याकडच्या मुलांना वाटतं की इथेही वॉरंटशिवाय फोनला हात लावता येत नाही. तिथे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फोन उघडण्यासाठी आणि २०१८ मध्ये टॉवरच्या दीर्घ नोंदींसाठी वॉरंट लागेल असं ठरवलं खरं. आपला कायदा वेगळा आहे, आणि तो नीट माहीत नसल्याने विद्यार्थी कधी नको तिथे नमतात, कधी नको तिथे भांडतात.

गेटवरचा रक्षक ‘मेस्को’ या माजी सैनिकांच्या महामंडळाचा असो की खासगी एजन्सीचा, तो पोलीस नाही. ओळखपत्र मागणं, रजिस्टरमध्ये नोंद करायला सांगणं, संस्थेच्या नियमाप्रमाणे पिशवी बघणं, हे त्याचं काम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कुठल्याही नागरिकाला, डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, गुन्हेगाराला धरता येतं; पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. रक्षकाला यापलीकडे काही अधिकार नाही. तुमचा फोन उघडून गॅलरी बघण्याचा तर नाहीच. रेक्टरबाईंनाही नाही. वसतिगृहाच्या शिस्तीलाही मर्यादा आहे: केरळमध्ये संध्याकाळी ठरावीक तासांत मोबाइल वापरू नये हा नियम न पाळल्याने वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीला सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. त्याला आधार होता २४ ऑगस्ट २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमुखी निकालाचा, ज्याने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

पोलिसांनी कुलगुरूंच्या परवानगीशिवाय विद्यापीठात येऊ नये असा कायदा आहे, ही समजूत सार्वत्रिक आहे. तो संकेत आहे. चांगला संकेत आहे, पण कायदा नव्हे. पोलीस येऊ शकतात. प्रश्न, आल्यावर कशाच्या आधारे काय मागू शकतात, हा आहे. कागदपत्र किंवा उपकरण तपासासाठी हवं असेल तर संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढू शकतात. कॉलेजकडून वायफायच्या नोंदी मागवण्याची सरळ वाट हीच. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर कलम १०६ खाली फोन जप्त होऊ शकतो, आणि तातडीच्या प्रसंगी कारणं लिहून वॉरंटशिवाय झडतीही घेता येते. पण कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रण करावं लागतं. जप्तीचा पंचनामा होतो. त्यात फोनचा आयएमईआय लिहिला आहे का ते बघावं (स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो) आणि प्रत मागून घ्यावी. रस्त्यात गाडी थांबवून ‘दाखव बघू व्हॉट्सॲप’ म्हणणं या चौकटीत बसत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादचे पोलीस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चॅटमध्ये गांजा शोधत असल्याचे व्हिडिओ फिरले, तेव्हा त्यावर टीका झाली ती याच कारणाने. तिथे ‘कुठल्या गुन्ह्याच्या तपासात, साहेब?’ हे शांतपणे विचारणं हा उद्धटपणा नाही. हुज्जत वाढवू नये, हातातला फोन हिसकावून परत घेऊ नये. विचारावं, अधिकाऱ्याचं नाव आणि ठाणं लक्षात ठेवावं, आणि नंतर लेखी तक्रार करावी.

पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं अजून एकसारखी नाहीत. बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणाऱ्या कुलपाचं संरक्षण त्या मानाने दुबळं आहे. आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं, किंवा बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरच्या यादीतलं लॉकडाउन निवडलं, की पुढच्या वेळी पासकोडच लागतो.

आणखी दोन गोष्टी थेट विद्यार्थ्यांच्या कामाच्या. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवरून देता येणार नाही. त्यामुळे ‘क्राइम ब्रँच’च्या लोगोसह व्हॉट्सॲपवर नोटीस आली, व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस दिसला आणि ‘डिजिटल अरेस्ट’ असे शब्द कानावर पडले, तर फोन ठेवून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला कळवावं. असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही. दुसरं, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला आपोआप जबाबदार ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. अशा ग्रुपवरचा मजकूर पोलिसांपर्यंत जातो तो बहुतेकदा कूटबद्धता (एन्क्रिप्शन) फोडून नव्हे, ग्रुपमधल्याच कुणीतरी काढलेल्या स्क्रीनशॉटमधून.

कॉलेजने दिलेली नोंद न्यायालयात टिकायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात यंत्र कुणाच्या ताब्यात होतं ते लिहावं लागतं आणि फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून काढलेला एक लांबलचक आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. म्हणजे कायद्याला स्वतःलाच सही, तारीख आणि जबाबदार माणूस हवा आहे. ‘साहेबांचा फोन आला होता, पेनड्राइव्हवर देऊन टाका’ ही पद्धत विद्यार्थ्याच्या हिताची नाहीच, तपासाच्याही हिताची नाही. प्राचार्यांनी लेखी आदेश मागितला तर पोलिसांना त्यात अडथळा वाटण्याचं कारण नाही.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू होतील. त्यानंतर माहिती कशासाठी घेतो ते मराठीतही वाचता येईल अशी सूचना मागता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल, गरज संपलेली माहिती पुसायला सांगता येईल. कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे ‘मूल’ आहेत, म्हणजे अकरावी-बारावीचे जवळपास सगळे विद्यार्थी. त्यांच्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि सुरक्षिततेपुरती लक्ष ठेवायची सूट दिलेली आहे. ‘सुरक्षितता’ या शब्दाखाली काय काय बसवलं जाईल, त्यावर विद्यार्थी संघटनांनी आणि पालकांनी आतापासून डोळा ठेवावा.

पण २०२७ पर्यंत थांबायची गरज नाही. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत आजही दहा रुपये शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तेवढ्यात हे प्रश्न बसतात: वायफायच्या नोंदी आणि सीसीटीव्हीचं चित्रण किती दिवस ठेवलं जातं, ते पाहण्याची परवानगी कुणाच्या पदाला आहे, वायफाय सांभाळणाऱ्या कंत्राटदाराशी झालेल्या करारात गोपनीयतेचं कलम आहे का, असल्यास त्याची प्रत, आणि मागच्या तीन वर्षांत पोलिसांनी किती वेळा नोंदी मागितल्या, त्यातल्या लेखी किती. माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पहिलं अपील त्याच संस्थेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येतं, आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे.